सकाळी अकराची मीटिंग

आमचं झेरॉक्सचं दुकान महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या अगदी समोर आहे. पुण्याचं उपनगर, कोणतं ते लिहीत नाही, कारण समोरच्यांशी माझं रोजचं चहापाणी आहे. दुकानाच्या पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, भाडेकरार’ असं लिहिलंय. पाचवी सेवा पाटीवर नाही, पण दिवसभर तीच चालते. ती म्हणजे, ‘ताई, हे कुठं द्यायचं?’ याचे पैसे मी घेत नाही. घेतले असते तर एव्हाना फ्लॅटचं कर्ज फिटलं असतं.

समोर काय शिजतंय ते मला पेपरात यायच्या आधी कळतं. लोक कुठला कागद घेऊन येतायत ते बघायचं, बास. २०२३ च्या नोव्हेंबरात पीटी-३ या मिळकतकराच्या अर्जाचा सीझन होता. स्वतःच्या घरात राहणाऱ्या पुणेकराला मिळकतकरात ४० टक्के सवलत असायची, ती मधली काही वर्षं गेली, मग परत द्यायचं ठरलं. पण त्यासाठी ‘मी इथंच राहतो’ हे कागदावर दाखवायचं. सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक. बिल्डिंग उभी राहिल्यापासून तिथं राहणारे एक आजोबा माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणाले, “मी राहतो याचा पुरावा मी!” त्यांची झेरॉक्स काढता येत नव्हती, म्हणून गॅसच्या पुस्तकाची काढली.

२०२४ च्या जुलैत तर दोन सीझन एकदम आले. एक तारखेपासून ‘लाडकी बहीण’चे अर्ज. आधार, रेशनकार्ड, पासबुक, आणि लग्न होऊन बाहेरच्या राज्यातून आलेली असेल तर नवऱ्याचा दाखला. दुकानाबाहेर चपलांचा ढीग पडायचा. ती गर्दी चालू असतानाच २५ तारखेला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी एकतानगरीत घराघरांत शिरलं. माझी मावसबहीण तिकडे तळमजल्यावर राहते. ती आली ती पिशवीभर ओले कागद घेऊन. आधारकार्डाचं लॅमिनेशन एका कोपऱ्यातून सुटून आत पाणी गेलेलं, खरेदीखताची पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. पानं ओढून सुटत नाहीत, फाटतात. पोस्टकार्ड मधे सरकवत एकेक पान सोडवावं लागतं आणि पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरावं लागतं. ओल्या कागदाचा डाग झेरॉक्समध्ये काळा उमटतो, म्हणून उजेड वाढवून काढायची, तरी शिक्का जातोच. पंचनाम्याच्या फाइलला लावलेल्या त्या प्रती बघून कुणालाही वाटलं असतं की कागद जळाले होते.

तर सांगायचं हे की माझ्या काउंटरवर सगळं उपनगर येऊन जातं. समोर पहिल्या मजल्यावर महिन्यातून एकदा मोहल्ला कमिटीची, म्हणजे नागरिक आणि अधिकाऱ्यांची, बैठक होते, तिथं मात्र त्यातलं फार थोडं पोचतं.

बैठकीची वेळ सकाळी अकरा. वार कामाचा. त्या दिवशी साडेदहाला ठरलेली गिऱ्हाइकं येतात. बहुतेक सगळे निवृत्त. बँकेतले, टेलिफोनमधले, एक-दोन शाळामास्तर. प्रत्येकाकडे दोरीची फाइल, फाइलमध्ये अर्ज, अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायला, एक पोच घ्यायला. ‘पोच’ म्हणजे दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि जमलं तर सही. एवढ्यासाठी एक काका पावसात भिजत परत येऊन नवी प्रत काढून गेलेले मी बघितलेत, कारण शिक्का पुसट उठला होता.

या लोकांची टिंगल करणं सोपं आहे आणि मी ती पोटभर केलेली आहे. पण इथल्या ड्रेनेजच्या झाकणापासून बागेच्या वेळेपर्यंत जे काही जागेवर आहे, ते याच मंडळींच्या चिकाटीमुळे. साहेब बदलतो, इंजिनिअर बदलतो, काकांची फाइल बदलत नाही. कुठला खड्डा कोणत्या साली कुणी बुजवला आणि तो परत कधी उखडला, ते कार्यालयाच्या नोंदीत सापडेल न सापडेल, काकांकडे सापडतं.

फक्त एक आहे. सकाळी अकराला घरी असलेल्या माणसाला जे दिसतं, तेच बैठकीत येतं. बाक. बागेतला चालायचा ट्रॅक. गल्लीच्या नावाची पाटी. भटकी कुत्री. आणि दर बैठकीला न चुकता, कोपऱ्यावरची वडापावची गाडी. ती हटवा. गाडीवर सकाळी पावणेसातला आणि संध्याकाळी सातला जी माणसं उभी असतात, ती अकराला कुठं असतात याचा विचार त्या हॉलमध्ये कुणी करत नाही. करणार कोण, ती माणसं तिथं नाहीतच.

कायद्यात हे असं नव्हतं. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून अमलात आहे. तीन लाखांच्या वरच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं तिच्यात आहे. आपल्याकडे त्या समितीवर नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधीही घेता येतात. २००९ मध्ये तर राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली. खेड्यात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा. मी इतकी वर्षं समोर बसलेय, पण क्षेत्रसभेची नोटीस छापायला किंवा चिकटवायला अजून कुणी माझ्याकडे आलेलं नाही. आणि समोरच्या नोटिसा माझ्याकडूनच जातात.

पुण्याचं एक मात्र कौतुक केलं पाहिजे. २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून इथं नागरिकांना कामं सुचवता येतात. पावसाळ्यात अर्ज निघतात, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे. एक काम पाच लाखांपर्यंतचं, आणि जागा सार्वजनिक हवी, सोसायटीच्या आतलं काही चालत नाही. पदपथ, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह, बाक, असं काहीही सुचवा. पटलं तर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये तुमच्या कामाची ओळ येते. महापालिकेच्या बजेटात आपण लिहिलेली ओळ असणं ही साधी गोष्ट नाही. दरवर्षी मी ते अर्ज गठ्ठ्याने काढून ठेवते आणि दरवर्षी गठ्ठा उरतो. जे भरले जातात त्यांत बाक असतातच. आमच्या बागेत आता माणसांपेक्षा बाक जास्त झालेत, आणि प्रत्येकावर ‘यांच्या प्रयत्नातून’ आहेच.

दोन वर्षांपूर्वी त्याच सुमारास दुकानात संध्याकाळी तीन-चार मावश्या आल्या. आसपासच्या सोसायट्यांत पोळ्या, धुणीभांडी करणाऱ्या. एकीला मुलीच्या शाळेसाठी जातीच्या दाखल्याची झेरॉक्स हवी होती, बाकीच्या सोबतीला. काउंटरवर तो गठ्ठा बघून एक म्हणाली, “हे कशाचं वाटताय?” मी सांगितलं. ती म्हणाली, “मग आमचं लिहा की. स्टॉपवर लई अंधार असतो.”

स्टॉप म्हणजे मोठ्या रस्त्यावरचा बसचा थांबा. थांबा कसला, खांबाला एक पत्रा. वर शेड नाही, मागे नाला, आणि संध्याकाळी सातनंतर त्या टप्प्यातले तीन दिवे बंद. पाऊस असला की या बायका समोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि बस आली की रस्ता पळत ओलांडायच्या. रिक्षा परवडत नाही. बसच्या मासिक पासाचेच २०२५ च्या जूनपासून दीड हजार रुपये झालेत, तेव्हा नऊशे होते, तरी त्यातल्या दोघी चालतच जायच्या.

अर्ज भरायला बसलो. नाव झालं, कामाचं स्वरूप झालं, ठिकाण झालं. मग आला पत्ता. एक राहते दांडेकर पुलाजवळ, एक जनता वसाहतीत, एक पार पलीकडे. आमच्या प्रभागात एकही नाही. दिवसाचे दहा तास या इथं काढतात, इथला रस्ता माझ्यापेक्षा जास्त तुडवतात, इथल्या पन्नास घरांच्या किल्ल्या यांच्या कमरेला, पण ‘रहिवासी’ या रकान्यात बसत नाहीत. शेवटी अर्ज माझ्या नावाने गेला.

सुचवण्याचं काम एवढ्यावर संपत नाही हे मला माहीत होतं. अर्ज नुसता पेटीत टाकला तर तो गठ्ठ्यातच जातो. बैठकीत उभं राहून बोललं की त्याची इतिवृत्तात नोंद होते. म्हणून त्या महिन्याला मी दुकान भाच्यावर टाकून वर गेले.

हॉलमध्ये खुर्च्या प्लास्टिकच्या, पुढची रांग अधिकाऱ्यांची. पथ, पाणीपुरवठा, ड्रेनेज, विद्युत, उद्यान, अतिक्रमण, घनकचरा. प्रत्येकासमोर डायरी. वाक्यंही ठरलेली. ‘इस्टिमेट पाठवलंय’ म्हणजे अजून काही नाही. ‘निविदा प्रक्रियेत आहे’ म्हणजे या वर्षी नाही. ‘तो विषय मुख्य खात्याचा’ म्हणजे इथं विचारू नका. ‘करून घेतो’ हे मात्र ज्युनिअर इंजिनिअर मान वर न करता बोलला तर खरं असतं, त्याने ते डायरीत लिहिलेलं असतं.

बाक झाले. कुत्री झाली. वडापावची गाडी झाली. मग मी उठले आणि थांब्याचं सांगितलं. विद्युतच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “पोल नंबर?”

इथं जरा थांबून एक काम की बात सांगते. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर रंगाने नंबर टाकलेला असतो. ‘अमक्या हॉस्पिटलसमोरचा दिवा बंद’ असं लिहिलं की माणूस भलत्याच खांबाकडे जातो, तो चालू असतो, आणि तुमची तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद होते. नंबर लिहिला की पळवाट नाही. मावशीला मी आदल्या दिवशी हे सांगितलं होतं. तिला लिहिता येतं ते सहीपुरतं. तिने रात्री मोबाइलच्या उजेडात तीनही खांबांवरचे आकडे पिठाच्या पिशवीच्या कागदावर चित्र काढल्यासारखे उतरवून आणले होते. एका खांबावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्याच्याखाली हात घालून तिने चाचपलं होतं, पण शेवटचा आकडा तीन की आठ ते नक्की नव्हतं. मी तोच कागद पुढे केला. साहेबांनी उलटसुलट करून बघितला आणि डायरीत लिहून घेतला.

मग शेडचा विषय. तेवढ्यात मागून एक काका म्हणाले, “पण त्या बायका इथल्या नाहीत ना? हा निधी इथल्या करदात्यांसाठी आहे.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडायच्या आत दुसरे काका उठले. हे आमचे बाकवाले काका, बागेतले निम्मे बाक यांच्याच अर्जांचे. म्हणाले, “अहो, आमच्याकडे येते ती साडेसातला निघते. अंधारात तिला काही झालं तर उद्या सकाळी पोळ्या कोण करणार, तुम्ही?” हॉल हसला. पहिले काका बसले. चांगल्या कामाला कारण चांगलंच लागतं असं नाही.

दिवे लागले. गणपतीच्या आधी तिन्ही. फ्लेक्सवाला खांबसुद्धा, म्हणजे तो आठच होता.

शेड मात्र नाही. जागा एका संस्थेची, थांबा दुसऱ्या संस्थेचा. इकडे विचारलं की तिकडे, तिकडे विचारलं की इकडे. पुढच्या बजेटमध्ये ओळ दिसेना, तेव्हा मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्रात नियम तसा आहे, आणि लोक नेमके तिथंच दोन पानं रागाने भरून आणतात. मी त्यांचे दीडशे शब्द करून देते. राग काढून टाकला की बहुतेकांचं ऐंशीतच भागतं. माझं उत्तर मुदतीत आलं. तीस दिवस असतात, अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. ‘सदर प्रस्ताव संबंधित संस्थेकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात आला आहे.’ तो अभिप्राय अजून वाटेत आहे.

या सगळ्यात मला राहून राहून ‘स्वच्छ’च्या ताई आठवतात. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. आमच्या गल्लीत येणाऱ्या ताईंना कुठल्या बिल्डिंगचं ड्रेनेज आठवड्याने तुंबणार ते वासावरून कळतं. कुणाकडे मधुमेह आहे तेही कळतं, सुया सापडतात ना. सॅनिटरी कचरा वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे त्या दारोदार सांगून दमल्या. कचऱ्यावर बैठकीत जेवढी चर्चा होते तेवढी दुसऱ्या कशावरच होत नाही. आणि अकराच्या ठोक्याला या ताई शेडमध्ये बसून आमचं ओलं-सुकं निवडत असतात. त्यांना बोलावून दहा मिनिटं ऐकलं तर घनकचऱ्याच्या साहेबांची डायरी सहा महिने पुरेल. मी एकदा सुचवलं. ‘नोंद घेतली’ म्हणाले.

आधी असं नव्हतं असंही लोक म्हणतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे. आधी नगरसेवकांची संपर्क कार्यालयं होती. रात्री आठला उघडी. कामावरून आलेला माणूस डबा हातात घेऊन तिथं जायचा. रहिवासी दाखल्याचं पत्र, पाण्याचा टँकर, शाळेचा प्रवेश, नळाला कमी दाब. त्यात वशिला होता, ‘आपला माणूस’ होता, पोरांच्या हातात बॅनर होते, सगळं होतं. पण दार रात्री उघडं होतं. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात ती दारं एकेक करत बंद झाली. काहींनी चालू ठेवली, लेटरहेडसुद्धा चालू ठेवलं. ‘नगरसेवक’च्या आधी ‘माजी’ हा शब्द किती बारीक टायपात बसवता येतो ते मला विचारा, छपाई माझ्याकडे होती. उरलं काय तर तक्रारीचं ॲप आणि अकराची मीटिंग. ॲप चोवीस तास उघडं, पण ज्या मावशीने पोल नंबर चित्रासारखा काढून आणला तिला ॲप काय सांगणार!

आता नवे नगरसेवक आलेत. आमच्या प्रभागात चार. चौघांचं मिळून एक काम कुणाचं, हा प्रश्न आहेच. एकाकडे गेलं की ‘त्यांना सांगा, तो भाग ते बघतात’. पण चार म्हणजे चार ठिकाणी अर्ज देता येतो, असंही बघता येईल. चार प्रती, चार पोच. माझा काही तोटा नाही.

मार्चमध्ये आम्ही एक अर्ज केला. बैठक महिन्याआड तरी संध्याकाळी साडेसातला घ्यावी. सह्यांचा कागद दुकानात काउंटरवरच ठेवला होता, त्यामुळे सह्या भराभर झाल्या. मावश्यांनी केल्या, कुरियरच्या पोरांनी केल्या, आयटीवाल्यांनी लॅपटॉपची बॅग न उतरवता केल्या. बाकवाल्या काकांनीही केली, वर ‘अकराची पण चालू ठेवावी’ असं कंसात लिहून. एका नगरसेविका मॅडमनी मनावर घेतलं. कार्यालयात म्हणे साडेसातला कर्मचारी थांबवता येत नाहीत, म्हणून मागच्या गल्लीतल्या महापालिकेच्या शाळेचा हॉल ठरला. अधिकाऱ्यांतले दोघं येतो म्हणालेत, विद्युत आणि ड्रेनेज. पथवाल्यांचं अजून कळलं नाही.

हॉलची किल्ली शाळेच्या शिपाईमामांकडे असते आणि मामा सहाला घरी जातात, धायरीला. परवा ते दाखला लॅमिनेट करायला आले होते तेव्हा मी विषय काढला. म्हणाले, “थांबायला माझी ना नाही ताई, पण मुख्याध्यापकांचं लेखी पाहिजे.” मुख्याध्यापकांना वरून लेखी पाहिजे. तो अर्ज मी काल टाइप केला, दोन प्रतींत. मॅडम सोमवारी सही करून पाठवणार आहेत.